रक्तात नव्हे, गालात : तोंडाचा कर्करोग आणि जनुकांचे नियमन

चारकोपच्या सेक्टरांमधील अनेक घरे मधल्या मोकळ्या चौकाकडे तोंड करून उभी आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे भूखंड आखून दिले, रस्ते व नळ आणून दिले आणि घरे लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधली. गिरणगावातील एका खोलीच्या संसारातून जी कुटुंबे येथे आली, त्यांत आमचेही एक. आता त्या वेळची तरुण पिढी सत्तरीत आहे. संध्याकाळी चौकातील बाकावर तिची बैठक भरते. गुडघे, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू यांवर तेथे मनमोकळी चर्चा होते. एका आजाराचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. ‘त्यांना तोंडाचा झालाय म्हणे,’ एवढेच कोणीतरी म्हणते. रोगाचे नाव उच्चारले जात नाही.

तीन वर्षांपूर्वी हे वाक्य आमच्या घराविषयी बोलले जाऊ लागले. माझ्या सासूबाई मूळच्या सातारा जिल्ह्यातील. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी आईच्या बोटाला लागलेली मिश्री त्यांनी प्रथम दातांना लावली. लग्न होऊन लालबागला आल्या, तेथून चारकोपला. मिश्रीची डबी बरोबर आली. बहात्तराव्या वर्षी डाव्या गालाच्या आतल्या बाजूस त्यांना काहीतरी टोचू लागले. ‘कवळी लागते आहे,’ असे त्या म्हणाल्या आणि आम्हीही तसेच मानले. जवळच्या एका दवाखान्यात लावण्यासाठी मलम मिळाले, कवळी घासून घेतली. तीन महिने गेले. त्या जागेवरील जुना पांढरा चट्टा मध्येच लालसर झाला आणि तिखट लागताच डोळ्यांत पाणी येऊ लागले, तेव्हा कुठे आम्ही परळ गाठले. तुकडा काढून तपासला गेला. कर्करोग होता, सुदैवाने सुरुवातीच्या अवस्थेतील.

निदान ऐकल्यावर आम्ही सगळे गप्प होतो. सासूबाईंनी मात्र शस्त्रक्रियेविषयी, खर्चाविषयी काही विचारले नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता : “डॉक्टरसाहेब, हे रक्तातच असंल तर माझ्या नातीलाबी हुईल का ओ?”

तरुण डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आजी, हे रक्तात नाही, गालात आहे. नातीला तुम्ही हे दिलेलं नाही.”

त्या उत्तराने सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी विसरलेले नाही. त्या उत्तरामागे विज्ञान काय आहे, हे समजून घेण्याचा मी पुढे प्रयत्न केला. हा लेख त्या प्रयत्नाचे फलित आहे.

जनुकीय आणि आनुवंशिक

‘कर्करोग हा जनुकांचा आजार आहे,’ असे आपण वारंवार वाचतो आणि त्याचा अर्थ ‘तो पिढीजात आहे’ असा लावतो. येथेच मोठी गफलत होते. जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द समानार्थी नाहीत.

आनुवंशिक दोष हा आई-वडिलांच्या बीजपेशींतून येतो. म्हणून तो जन्मतःच शरीरातील प्रत्येक पेशीत असतो आणि पुढील पिढीकडे जाऊ शकतो. तोंडाच्या कर्करोगातील बहुतेक सर्व बिघाड याहून वेगळे असतात. ते आयुष्यभरात, गालाच्या किंवा जिभेच्या आवरणातील काही पेशींमध्ये घडून येतात. ते त्या पेशीत आणि तिच्यापासून विभागून बनलेल्या पेशींतच राहतात. बीजपेशींशी त्यांचा संबंध नसल्याने ते मुला-नातवंडांकडे जात नाहीत. फॅन्कोनी ॲनिमियासारखे काही दुर्मीळ आनुवंशिक आजार तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवतात, हे खरे. पण ते अपवाद होत. एकाच घरात दोघा-तिघांना हा रोग झालेला दिसतो, तेव्हा बहुधा वारशाने आलेली वस्तू जनुक नसून तंबाखूची डबी असते.

पोथी आणि पारायण

मग गालातील पेशीच्या जनुकांना नेमके होते तरी काय? येथे ‘जनुकांचे नियमन’ ही कल्पना समजून घ्यावी लागते.

घरातील देव्हाऱ्यापाशी रुमालात बांधलेली पोथी आठवावी. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत अशी एक संपूर्ण पोथी असते : डीएनए. एका पेशीतील हा धागा उलगडला तर सुमारे दोन मीटर लांब भरेल. त्यात प्रथिने घडवणारी जवळपास २०,००० जनुके आहेत. डोळ्याच्या, यकृताच्या आणि गालाच्या पेशीतील पोथी अक्षरशः एकच आहे. तरीही डोळ्याची पेशी पाहते आणि यकृताची पेशी पचनाला मदत करते, कारण प्रत्येकीने कोणते अध्याय वाचायचे आणि कोणते बांधून ठेवायचे, हे ठरलेले असते. कोणता अध्याय केव्हा, किती वेळा, किती मोठ्याने वाचायचा, याच्या व्यवस्थेलाच जनुकांचे नियमन म्हणतात.

ही व्यवस्था शरीर अनेक मार्गांनी राखते. पहिला मार्ग मिथाइलीकरणाचा. जनुकाच्या आरंभी असलेल्या भागावर मिथाइल नावाचा अगदी लहान रासायनिक गट चिकटवला की ते जनुक सहसा वाचले जात नाही. जणू पाने डिंकाने चिकटवली. दुसरा मार्ग हिस्टोन प्रथिनांचा. डीएनएचा धागा या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर अध्याय बंद राहतो, सैल झाली तर उघडतो. तिसरा मार्ग सूक्ष्म-आरएनएचा. जनुक वाचून तयार झालेला निरोप कामाच्या जागी पोहोचण्यापूर्वीच हे चिमुकले रेणू त्याला अडवतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे बिघाड दोन प्रकारे होऊ शकतो. एक, पोथीतील अक्षरेच खोडली किंवा बदलली जातात. याला उत्परिवर्तन म्हणतात. दुसरा, अक्षर न् अक्षर जागेवर असते, पण नको ती पाने चिकटतात आणि बंद ठेवायची पाने उघडी पडतात. तोंडाच्या कर्करोगात हे दोन्ही प्रकार हातात हात घालून चालतात.

मिश्रीपासून गाठीपर्यंत

तंबाखू, सुपारी, चुना, मद्य यांच्या वारंवार संपर्काने गालाच्या आवरणास सतत बारीक इजा होत राहते. तंबाखूतील नायट्रोसअमाइन ही रसायने डीएनएला चिकटून अक्षरे बदलतात. इजा भरून काढण्यासाठी पेशी पुन्हा पुन्हा विभागतात, तेथे दीर्घकाळ दाह राहतो आणि त्या दाहाने मिथाइलच्या खुणाही विसकटतात. वयोमानानेही या खुणा आपोआप बदलत जातात. चाळीस-पन्नास वर्षांची सवय आणि उतारवय एकत्र येतात, तेव्हा धोका वाढतो तो यामुळे.

प्रारंभी बहुधा ‘पी १६’ नावाच्या जनुकावर आघात होतो. पेशीच्या विभाजनाला ‘थांब’ म्हणणारा हा पहारेकरी. कधी त्याचे जनुक गळून जाते, तर कधी जनुक शाबूत असूनही मिथाइलीकरणाने मुके होते. पहारेकरी जिवंत आहे, पण त्याच्या तोंडावर पट्टी आहे, असा हा प्रकार. याच सुमारास डोळ्यांना पांढरा चट्टा दिसू शकतो. सगळेच पांढरे चट्टे कर्करोगात बदलत नाहीत; बहुसंख्य बदलत नाहीत. लाल किंवा लाल-पांढरा मिश्र चट्टा मात्र अधिक धोक्याचा.

पुढे ‘पी ५३’ हे जनुक बिघडते. बिघडलेल्या पेशीला दुरुस्तीसाठी थांबवणे, दुरुस्ती अशक्य असेल तर तिला मरणाची आज्ञा देणे, हे त्याचे काम. ते थांबले की सदोष पेशी जगतात आणि वाढतात. त्याच वेळी वाढीचे अध्याय मोठ्याने वाचले जाऊ लागतात. पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारे ग्राहक प्रमाणाबाहेर वाढतात. ‘मिर-२१’ सारखे सूक्ष्म-आरएनए वाढतात आणि उरलेसुरले लगामही ढिले करतात.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत घातक. गालाच्या आवरणातील पेशी एकमेकींना ‘ई-कॅडेरिन’ नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून असतात. गर्भावस्थेत, अवयव घडत असताना, काही पेशींना जागा सोडून दुसरीकडे जावे लागते. त्यासाठी ही पकड सोडवणारे ‘स्नेल’, ‘ट्विस्ट’ यांसारखे नियामक त्या काळात जागे असतात आणि पुढे झोपी जातात. कर्करोगाच्या पेशी हाच जुना अध्याय पुन्हा उघडतात. पकड सुटते, आजूबाजूची उती विरघळवणारी विकरे बाहेर पडतात आणि पेशी मानेतील लसिकागाठींपर्यंत पोहोचतात. ही क्षमता पेशीच्या पोथीत प्रथमपासूनच होती. ती बांधून ठेवण्याची व्यवस्था तेवढी मोडली.

शेजारी पन्नास वर्षे तंबाखू खातो आणि त्याला काही होत नाही, मग आम्हालाच का, हा प्रश्न चौकात नेहमी विचारला जातो. उत्तर या टप्प्यांत आहे. कर्करोग होण्यासाठी एकाच पेशीवंशात अनेक बिघाड जमावे लागतात. कोणाच्या गालात ते कधी जमतील, यात योगायोगाचा भाग असतो. पण प्रत्येक चिमटीबरोबर तो योग जुळण्याची संधी वाढते. यात पूर्वसंचित नाही आणि शापही नाही.

मुंबईने लावलेला शोध

या रोगाची कथा मुंबईला फार जवळची आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेडोपाडी जाऊन, उजेडात तोंड उघडून पाहण्याचे ते काम होते.

परळची ही परंपरा आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत पुढे चालू आहे. हिरडी आणि गाल यांच्या खाचेत होणारा कर्करोग पाश्चात्त्य देशांत कमी, आपल्याकडे मात्र फार, कारण चिमूट ठेवण्याची जागाच ती. २०१३ मध्ये ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिकी संस्था यांनी मिळून अशा ११० रुग्णांच्या गाठींतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पी ५३ सारख्या परिचित जनुकांखेरीज पाच नवी जनुके त्यात वारंवार बिघडलेली आढळली. त्यांपैकी ‘एमएलएल ४’ आणि ‘एआरआयडी २’ या दोघांचे काम डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करण्याचे, म्हणजे पोथी उघडण्या-बांधण्याचेच आहे. एखादे अक्षर खोडले जाणे वेगळे आणि पाने सांभाळणाऱ्याच्याच आज्ञापत्रात चूक होणे वेगळे. दुसऱ्या चुकीचा परिणाम अनेक अध्यायांवर होतो.

२०१७ मध्ये ॲक्ट्रेकच्या संशोधकांनी जिभेच्या सुरुवातीच्या कर्करोगात, मानेतील गाठींपर्यंत पोहोचलेल्या रोगात ‘एमएमपी १०’ हे जनुक अधिक सक्रिय असल्याचे दाखवले. उती विरघळवणाऱ्या विकरांच्या कुळातील हे जनुक. कोणाचा रोग मानेकडे जाणार, हे आधीच ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू.

या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग काय?

सासूबाईंच्या गालातील जखम अडीच सेंटिमीटरचीही नव्हती आणि मानेला हाताला काहीच लागत नव्हते. तरीही डॉक्टरांनी मानेतील गाठी काढण्याचा सल्ला दिला, तेव्हा आम्ही बिचकलो. ‘या वयात एवढी मोठी चीर कशाला?’ असे नातेवाईक म्हणाले. त्याचे उत्तर परळमध्येच मिळालेले होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेत रोग दिसत नसलेल्या रुग्णांत, पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतील गाठी काढल्या त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसू लागल्यावरच ती काढण्याचे धोरण ठेवलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. पकड सुटलेल्या मूठभर पेशी डोळ्यांना किंवा बोटांना कळण्याआधीच वाटेला लागलेल्या असतात, याचा हा पुरावा. आम्ही संमतीपत्रावर सही केली. सासूबाईंच्या गाठी निर्दोष निघाल्या.

चिकटलेली पाने औषधाने सोडवता येतील का? मिथाइलच्या खुणा पुसणारी काही औषधे रक्ताच्या विशिष्ट आजारांत वापरली जातात. तोंडाच्या कर्करोगात मात्र ती नेहमीच्या उपचारांचा भाग नाहीत. येथे अजूनही शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार हेच आधारस्तंभ आहेत. रोग पुढे गेलेल्यांसाठीही वाटा निघत आहेत. टाटा स्मारक रुग्णालयातीलच २०२३ च्या अभ्यासात, तोंडाने घ्यायच्या कमी मात्रेच्या औषधांना प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या निव्होलुमॅबची अगदी अल्प मात्रा जोडल्यावर एका वर्षाने हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्रा अल्प म्हणून खर्चही पुष्कळ कमी.

‘जनुक तपासणी करा आणि कर्करोग टाळा’ अशा जाहिरातींबद्दल सावध राहावे. तोंडाच्या कर्करोगासाठी निरोगी माणसाने रक्तातील जनुके तपासून घेण्याने सहसा काही साधत नाही, कारण बिघाड रक्तात नसतो. आपल्या हाती असलेली उत्तम तपासणी म्हणजे उजेडात तोंड पाहणे. केरळमधील तिरुवनंतपुरम येथील मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि सर्वांत आशादायक गोष्ट. खोडलेली अक्षरे सहसा परत येत नाहीत; पण चिकटलेली काही पाने सवय सुटल्यावर सुटू लागतात. धूम्रपान सोडलेल्यांच्या रक्तपेशींत मिथाइलच्या कित्येक खुणा वर्षानुवर्षांत पूर्ववत होत गेल्याचे आढळले आहे. डॉ. मेहता आणि डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या चमूने ३६,००० तंबाखूसेवकांना सवय सोडण्यास साहाय्य केले. समजावलेल्या लोकांत नवे पांढरे चट्टे कमी झाल्याचे १९८६ मध्ये त्यांनी दाखवले. म्हणूनच ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाला विज्ञानाचे उत्तर ‘उपयोग आहे’ असेच आहे. ज्यांना एकदा रोग झाला त्यांच्यासाठी तर तो दुप्पट आहे, कारण तंबाखूने केवळ एक ठिपका नव्हे, तर तोंडाचे सारे क्षेत्रच बदललेले असते आणि दुसरी गाठ दुसऱ्या जागी उद्भवू शकते.

घरच्यांनी काय पाहावे?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते, म्हणजे जगातील एक तृतीयांशाहून अधिक. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. मिश्री त्यातच आली. तेव्हा आपल्या घरापुरते तरी पुढील नियम पाळावेत :

• महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कवळी काढून आणि चूळ भरून चांगल्या उजेडात तोंड पाहावे. दोन्ही गाल, हिरड्यांची खाच, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू आणि ओठांची आतली बाजू. ज्येष्ठांना स्वतः दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावे.

• दोन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, कारण नसताना हललेला दात, मानेतील गाठ, गिळताना दुखणे, कानात जाणारी कळ यांपैकी काहीही असेल तर दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभीचा रोग बहुधा दुखत नाही.

• तोंडात उभी तीन बोटे मावत नसतील, तिखट झोंबत असेल, तर सुपारीने आवरण ताठरत असण्याची शक्यता आहे. सुपारीत तंबाखू नसली तरी ती निर्दोष नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात तीही कर्ककारक ठरली आहे.

• कवळी लागते असे वाटल्यास ती दुरुस्त करून घ्यावी; पण दुरुस्तीनंतर दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर तुकडा तपासण्याचा आग्रह धरावा. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे.

• सवय सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीवर मदत मिळते. ज्येष्ठांना रागावून सवय सुटत नाही. डबीच्या जागी बडीशेप ठेवावी आणि सोबत बसावे.

• शस्त्रक्रियेनंतर खांदा व तोंड उघडण्याचे व्यायाम दिल्याप्रमाणे रोज करून घ्यावेत. नाचणीची पेज, मुगाचे मऊ वरण, दह्यात कालवलेला भात असा आहार थोडा-थोडा द्यावा. तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. रोग परतलाच तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो.

आमच्या घरी मिश्रीची डबी आता नाही. सासूबाईंनी ती स्वतः रिकामी केली, घासून लख्ख केली आणि तीत लवंगा भरल्या. पहिले दोन महिने त्यांना झोप लागत नसे. मध्यरात्री त्या उठून बसत आणि मी किंवा माझे पती त्यांच्याशी बोलत बसू. आता दर महिन्याच्या एकादशीला त्या कवळी काढून खिडकीपाशी बसतात आणि माझी मुलगी मोबाईलच्या उजेडात आजीचे तोंड पाहते. परवा तिने पाहणी संपवली आणि ‘सगळं साफ आहे’ असे सांगितले.

“आता तू बस,” सासूबाई म्हणाल्या. “तुझंबी बघते. दाव.”